पट्ट्याची आतली बाजू

भूषणला कंपनीने वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवलं, तेव्हा तो जुने बनियन मागे ठेवून गेला. "फडक्यांना वापर," म्हणाला. मी त्यांचे तळहाताएवढे चौकोन कापले आणि बिस्किटांच्या डब्यात भरून ठेवले. लेदरला रंग दिला की तो वाळल्यावर पांढऱ्या सुती कापडाने घासावा लागतो. आत न मुरलेला, वरवर राहिलेला रंग कापडावर उतरतो. मग कापड बदलायचं आणि परत घासायचं. कापड पांढरंच राहू लागलं की वरून सीलरचे पातळ हात द्यायचे, म्हणजे रंग आत बंद होतो. अंगाला, कपड्याला, कशालाच लागत नाही. या कामात घाई चालत नाही आणि मला घाई कसलीच नव्हती. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि मितू. मितू म्हणजे संघमित्रा. वय रांगण्याचं आणि सापडेल ते तोंडात घालण्याचं.

मितू व्हायच्या आधी मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्याने केलेल्या कामात कुठे चुकलंय ते शोधून काढायचं, याचा मला पगार मिळायचा. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. मितू जरा जास्त वेळ झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. गॅसचं बटण बंद केल्यावर परत एकदा बंद करायची. गॅलरीच्या गजांमधून तिचं डोकं जाईल का, हे मी नारळ घेऊन तपासलं होतं. भूषणला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो हसत सुटला. "बग नाहीये गं तो, बाळ आहे," म्हणाला. त्याच्याकडे सकाळ असायची, तो कॉफीचा मग हातात घेऊन बोलायचा आणि कोणीतरी हाक मारली की निघून जायचा. स्क्रीनवर मग माझाच चेहरा उरायचा.

लेदरचं काम मी लग्नाच्या आधी शिकले होते, कर्वे रोडवरच्या एका शनिवार-रविवारच्या वर्गात. तेव्हा हौस होती. आता मितू झोपली की तेवढं एकच काम असं होतं, ज्याचं मला कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. पाकिटं, चष्म्याची घरं, किल्ल्यांचे पट्टे. खराडीच्या जुन्या मैत्रिणी विकत घ्यायच्या, फोटो टाकायच्या आणि "भेटू या गं एकदा" म्हणायच्या. भेटायचं कधी झालं नाही.

घरी येणारं माणूस एकच, बाबा. ते दापोडीला राहतात. पोस्टातून निवृत्त झालेत. आई गेल्यापासून एकटेच असतात. दर गुरुवारी दोन बस बदलून यायचे, पिशवीत केळी घेऊन. चपला दारात काढायचे, पाय धुवायचे आणि मितूला मांडीवर घेऊन तिला पेपर वाचून दाखवायचे, अगदी पाणीकपातीची बातमीसुद्धा. जाताना मी गॅलरीत उभी राहायची. स्टॉप आमच्या गॅलरीतून दिसतो. लहानपणी पीएमटीच्या स्टॉपवर बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि विचारायचे, "आमू, कुठली येतीये बघ." बस अजून पुलापाशी असायची. बाकीचे लोक डोळे बारीक करून बघत असायचे आणि मी पाटी वाचून दाखवायची. बाबा आजूबाजूच्या लोकांना सांगायचे, "आमच्या पोरीची नजर घारीची आहे." त्यांच्या तोंडून कोणाचं कौतुक फारसं निघत नाही. म्हणून हे लक्षात राहिलं.

गुरुवारी मी लेदरचं सगळं सामान बेडरूममध्ये पलंगाखाली सरकवायची. बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण दिसायला नको, असं आपलं माझं.

एका गुरुवारी बाबा चहा पीत असताना दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या कुसुमकाकू होत्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, तरी जिन्यात कोणी मोठ्याने बोललं की अजून वर्गात आल्यासारख्या बाहेर येतात.

"आम्रपाली, तुमच्याकडे वास कसला येतो हो?"

"वास?"

"आमच्या बाथरूमच्या खिडकीतून येतो. चामड्याचा. आधी मला वाटलं काही मेलंय की काय. मग आमचे हे म्हणाले, वर काहीतरी चामड्याचं करतात म्हणून."

"अहो काकू, रंगाचा असेल. त्यात स्पिरिट असतं. मी खिडकी लावून घेते."

"खिडकी लावून वास जात नाही, घरात राहतो. बघा काय ते." मग त्यांना आत बसलेले बाबा दिसले. "पाहुणे आहेत वाटतं. चालू द्या."

मी दार लावून वळले तर बाबा उठले होते. चहा अर्धा तसाच होता. मितूला त्यांनी हलकेच चटईवर ठेवलं.

"बाबा, बसा ना. त्या सगळ्यांनाच बोलतात. परवा वरच्यांना कुकरच्या शिट्ट्यांवरून बोलल्या."

बाबांनी चपला घातल्या. लिफ्टची वाट बघत ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"माझा बाप मेलेली गुरं ओढायचा," ते म्हणाले. मला हे माहीत होतं, पण त्यांनी ते असं जिन्यात उभं राहून कधी सांगितलं नव्हतं. "आमच्या दारावरनं जाताना लोक नाकाला सोगा लावायचे. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, आता ओढणार नाही. गावानं दळण बंद केलं, पाणी बंद केलं. तरी नाही ओढलं. मी सहा वर्षांचा होतो." लिफ्ट आली. "आणि तू कोथरूडात फ्लॅट घेऊन तोच वास आणलास, हौस म्हणून."

फ्लॅट भाड्याचा आहे, एवढंच माझ्या तोंडात आलं. तोवर लिफ्टचं दार लागलं होतं.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. फोन केला तर "ऊन फार आहे" म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी बस चुकली होती. नंतर मी विचारायचं सोडून दिलं. गुरुवारी केळी मीच आणायला लागले. मितू दाराकडे रांगत जाऊन, बाबा चपला काढायचे त्या जागी हाताने थापट्या मारायची. खरं तर ती सगळ्याच जागी थापट्या मारते. पण गुरुवारी मला ते बघवायचं नाही.

लेदर सोडून द्यावं, असंही मनात आलं. सामान खोक्यात भरलं आणि परत काढलं. ते सोडलं तर दिवसभरात माझ्या हाताने पुरं होणारं असं काय राहिलं असतं? पोळ्या संपतात, भांडी परत पडतात. आणि ते ठेवलं तर बाबा येणार नव्हते. मग मी ठरवलं की बाबांसाठीच एक बॅग करायची. वंदनेला जाताना ते पुस्तिका, चष्मा, पाण्याची बाटली एका कापडी पिशवीत नेतात. तिचे बंद उसवले होते. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. एकदा चांगली वस्तू हातात आली, खांद्याला लागली की त्यांना कळेल, असं मला वाटलं. काय कळेल, ते मात्र मी नीट ठरवलं नव्हतं.

रंग निळा, हे न सांगता ठरलेलं होतं. गडद निळा. बाहेरच्या गुळगुळीत बाजूला दोनदा रंग दिला, तो छान बसला. मग मी पट्टा उलटा केला. आतली बाजू मांसाकडची असते, खरखरीत, लव असलेली, फिकट तपकिरी. बघताक्षणी कळतं की ही कातडी आहे, कोणाच्या तरी अंगावरची. ही बाजू बहुतेक जण तशीच ठेवतात. मी तिला रंग दिला. वाळल्यावर मधूनमधून तपकिरी दिसत होतं, म्हणून परत दिला, आणि परत. पट्ट्याला, मागच्या भागाला, झाकणाच्या आतून, सगळीकडे. कुठूनही बघितलं तरी निळंच दिसलं पाहिजे. बाबांच्या डोळ्यांना कातडं दिसायला नको.

वर घासून घासून कापड पांढरं आलं. सीलरचे हात दिले. पांढऱ्या कापडाने परत तपासलं, ओल्या कापडानेही तपासलं. जराही रंग आला नाही. आतली बाजू मी तपासली नाही. ती वाळत होती तेवढ्यात मितू उठली, तिला ताप होता, आणि मग पौर्णिमा आली. टेस्टर होते मी. जे दाखवायचं होतं तेवढंच तपासलं.

पौर्णिमेच्या सकाळी पांढरी साडी नेसले, मितूला पांढरं झबलं घातलं आणि रिक्षाने दापोडीला गेले. बाबा पांढरा सदरा-पायजमा घालून दारातच होते. मितूला त्यांनी माझ्याकडून ओढूनच घेतलं.

"वाळली का गं ही?"

"ताप येऊन गेला."

"मग फोन करायचा." जसं काही ऊन आणि चुकलेली बस माझ्याच बाजूला होती. मी बॅग पुढे केली. त्यांनी ती फिरवून बघितली. झाकण उघडून आत बघितलं.

"तू केलीस?"

"हो."

त्यांनी झाकण परत लावलं. "रेक्झिन आहे का?"

मी म्हणाले, "टिकेल चांगली."

"हं." त्यांनी कापडी पिशवीतलं सामान बॅगेत घातलं आणि पट्टा तिरका, खांद्यावरून गळ्यात अडकवला. मितूला कडेवर घेतलं. गल्लीतून विहाराकडे जाताना मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की ऊनसुद्धा लागत नव्हतं.

विहारात पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. सगळा हॉल पांढरा. पंखे होते, पण गर्दीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. त्रिसरण-पंचशील सुरू झालं. मितू बाबांच्या मांडीवर होती, शांत. इतकी शांत का, म्हणून मी माना चुकवून बघत राहिले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. मग मितूने मान माझ्याकडे वळवली आणि मला तिचे ओठ दिसले.

निळे.

मी बायकांच्या ओळी तुडवत गेले. कोणाच्या हातावर पाय पडला. "श्वास! बाबा, तिचा श्वास बघा!" मी ओरडत होते. हॉलमधला आवाज एकदम थांबला. मी मितूला ओढून उलटी केली आणि तिच्या पाठीवर थापा मारायला लागले. तिने अशी किंकाळी फोडली की भिंती दणाणल्या.

"अहो ताई," बाबांशेजारचे नागोराव म्हणाले, "रडतीये एवढी, म्हणजे श्वास चाललाय की. आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला चाललाय."

तिची जीभही निळी होती. मी पदराने तिचे ओठ पुसले. पदराला निळा रंग लागला. मग मी बाबांकडे बघितलं. बॅगेचा पट्टा छातीपाशी मितूच्या लाळेने ओला झाला होता. बाबांनी तो अंगापासून उचलला. खाली, सदऱ्यावर, खांद्यापासून कमरेपर्यंत आडवा निळा पट्टा उमटला होता. घामाने पसरलेला, कडा फुटलेल्या. त्यांनी वळून बघायचा प्रयत्न केला, तेव्हा पाठीवरचाही दिसला.

नागोरावांनी बघितलं. "संभाजीराव, लोक झेंडा हातात घेतात. तुम्ही अंगावरच काढलात."

हसले सगळे. प्रेमानेच हसले. मागून कोणीतरी "जय भीम" म्हणालं आणि परत हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी बॅग गळ्यातून काढली, मांडीवर ठेवली, हात जोडले. वंदना पुढे सुरू झाली.

मितूच्या डॉक्टरांना फोन केला. तोंड धुवा, दूध पाजा, उलट्या झाल्या तर आणा, म्हणाले. विहाराच्या मागे नळ होता. मी मितूचं तोंड धूत होते, बाबा रुमाल ओला करून सदरा पुसत होते. डाग वाढतच होता.

"राहू द्या बाबा. पसरतोय."

"दिसतंय मला."

"मी नवीन सदरा आणते."

"सदऱ्याचं काय घेऊन बसलीस." त्यांनी बॅग उचलली आणि पट्टा उलटा केला. अंगठा घासला, अंगठा निळा झाला. "वरून रंग जात नाही. आतून जातो. आत एवढा कशाला ओतलास?"

मी मितूचं तोंड पुसत राहिले.

"आमू."

"तुम्हाला कातडं दिसू नये म्हणून."

नळ गळत होता. बाबांनी तो घट्ट बंद केला. तरी गळत राहिला.

"मला काय दिसत नव्हतं होय? पोस्टात आयुष्य गेलं माझं, चामड्याच्या थैल्या उचलल्यात. रेक्झिन का म्हणून विचारलं, ते तुला 'नाही, चामडं आहे' म्हणता यावं म्हणून विचारलं." ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगठ्याकडे बघत होते. "माझ्या बापानं सोडलं ते चारचौघांत सांगून सोडलं. तू करतेस ते पलंगाखाली ठेवून. लपवायचंच असेल तर करतेस कशाला?"

पलंगाखालचं त्यांना माहीत होतं.

"नीट करून दे," त्यांनी बॅग माझ्या हातात दिली.

"न्यायला याल?"

"आधी रंग यायचा थांबू दे."

खीर न खाताच मी परत आले. रिक्षात मितू झोपली आणि मी घरापर्यंत तिच्या ओठांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी आतली बाजू घासायला लागले. मितू झोपली की बनियनचा चौकोन घ्यायचा, घासायचं. गडद निळा यायचा. दुसरा घ्यायचा. तो निळा. गॅलरीतल्या दोरीवर धुतलेली फडकी वाळत पडायची, एकाहून एक फिकी, पण पांढरं एकही नाही. दुपारी बाबांना फोन करायची.

"आज जरा फिका आलाय."

"हं. मितू जेवली?"

"जेवली. उद्या परत घासते."

"घास."

असे फोन रोज व्हायला लागले. आई होती तेव्हाही आम्ही बाप-लेक रोज बोलत नव्हतो. गुरुवार गेला होता आणि त्याच्या जागी दोन-चार वाक्यांचा फोन आला होता. मी त्यावर दिवस काढत होते. सीलर लावून बघितला तर लवेवर त्याचे गोळे झाले आणि पट्टा वाकवल्यावर तो तडकून त्याचा भुगा पडला. भुगाही निळा. भूषण म्हणाला, "टाकून दे ना, नवीन कर." त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. खरखरीत बाजू इतका रंग प्यायली होती की वर्षभर घासला असता तरी तो संपला नसता. हे मला आठवड्याभरात कळलं होतं. तरी घासत होते. रंग थांबला की फोनही थांबेल, किंवा बाबा येतील आणि बॅग घेऊन जातील. मग पुढे विचारायला काय राहील, अशी भीती होती. आणि रंग थांबला नाही तर ते कधीच येणार नव्हते. दोन्हीकडून मीच अडकले होते.

मग बनियनचा डबा संपला. तळाशी एकच चौकोन राहिला, त्याच्यावर लाँड्रीवाल्याने घातलेला खुणेचा दोरा होता. तो हातात धरून मी बराच वेळ बसले. मितू पलंगाखाली शिरून खोकं ओढून बाहेर काढत होती. मी तिला आवरलं नाही. तिच्याबरोबर मीही ओढलं. सगळं सामान हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलावर मांडलं, दारातून येणाऱ्याला आधी तेच दिसेल असं. आरी, मेणाचा दोरा, घोटायची काच हे सगळं मितूच्या हाताला लागणार नाही अशा बाजूला. खिडक्या सताड उघडल्या. आणि बॅगेची शिवण उसवली.

पट्टा नवा कापला. पुढचा-मागचा भाग आणि झाकणही नवं. या वेळी रंग फक्त बाहेरून दिला. कडेवरून आत ओघळू नये म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा ठेवला. आतली बाजू तशीच ठेवली, फिकट तपकिरी. तिला डिंकाचं पातळ पाणी लावलं आणि काचेने घोटत राहिले. लव बसत गेली. खरखर गेली आणि कातडीवरच्या बारीक रेघा दिसायला लागल्या. एका ठिकाणी जुनी जखम भरून आल्यासारखी पांढुरकी खूण होती. तो भाग कापून टाकता आला असता. मी टाकला नाही. मग वरचा रंग वाळू दिला, पुरेसा वाळू दिला. धुतलेल्या फिक्या फडक्यांनी घासला. शेवटच्या चौकोनावर काही आलं नाही. सीलरचे हात दिले, एक वाळल्यावर दुसरा, आणि तो चौकोन पाण्यात पिळून आतून-बाहेरून, शिवणीतून, कडांवरून फिरवला. पांढरा राहिला.

त्या दिवशी मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला.

"बाबा, रंग थांबला."

"गुरुवारी येतो," म्हणाले.

आले ते विहारातलाच सदरा घालून. धुवून धुवून त्याच्यावरचा निळा आडवा डाग आभाळासारखा फिका झाला होता. तो खांद्यापासून कमरेपर्यंत तसाच होता. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"खराब व्हायचा तो झालाच आहे," बाबा म्हणाले. "दुसरा कशाला नासवायचा."

चपला काढल्या नाहीत. दारातच उभे. मितू रांगत आली आणि त्यांच्या चपलेचा अंगठा चावायला लागली. त्यांनी तिला उचललं, पण आत आले नाहीत. टेबलावर मांडलेलं सगळं त्यांना तिथूनच दिसत होतं. त्यांनी ते एकेक करून बघितलं. मी बॅग आणून दिली.

त्यांनी आधी पट्टा उलटा केला. तपकिरी बाजूवरून अंगठा फिरवला, त्या पांढुरक्या खुणेपाशी थांबवला. मग पट्टा नाकापाशी नेला. ते डोळे मिटून, सावकाश, आत ओढून वास घेत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, दारात.

"तो वास नाही," ते म्हणाले.

"नाही?"

"नाही. हा वेगळा आहे." त्यांनी मितूला माझ्याकडे दिलं आणि पट्टा गळ्यात अडकवला, बरोबर जुन्या डागावर नाही, जरा बाजूला, पांढऱ्यावर. "पण घाम आल्याशिवाय कळायचं नाही. एक चक्कर मारतो."

"चहा टाकते."

ते लिफ्टमध्ये शिरले होते.

मी चहाचं आधण ठेवलं आणि मितूला घेऊन गॅलरीत आले. बाबा बाहेर पडले. ऊन रणरणत होतं. सोसायटीच्या आवारात ते फेऱ्या मारायला लागले, पार्किंगपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. पावलं मोजून टाकल्यासारखं चालत होते, शिक्षा झालेल्या मुलासारखं. बॅग कमरेवर हलत होती. एकदा फाटकापाशी गेले तेव्हा मी गजांवरून पुढे वाकले. स्टॉप समोरच होता. बॅग मिळाली होती, चपला पायात होत्या, वर काहीच राहिलं नव्हतं. तेवढ्यात फाटकातून कुसुमकाकू भाजी घेऊन आल्या.

"काय हो, एवढ्या उन्हात फिरायला?" त्यांचा आवाज वरपर्यंत आला.

"मी नाही फिरत. बॅगेला फिरवतोय," बाबा म्हणाले. "चामड्याची आहे. मुलीनं केलीये."

काकूंनी बॅगेकडे बघितलं, मग त्यांच्या सदऱ्याकडे. "अस्सं," म्हणाल्या. आणि जरा थांबून, "शिवण बाकी सरळ आहे हो." मग जिन्यात शिरल्या.

बाबा अजून फाटकापाशीच होते. रस्त्यावर बस येत होती, त्यांचीच. मला पाटी दिसली. त्यांनी तिच्याकडे बघितलं असेल किंवा नसेल. ती थांबली आणि गेली. बाबा आवारात परत आले, आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली. कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी बॅग काढून हातात धरली, माझ्याकडे पाठ केली आणि मान वळवून वर ओरडले,

"आमू! बघ गं, पाठीवर आलाय का?"

घामाने सदरा पाठीला चिकटला होता. जुना फिका डाग दिसत होता. त्याच्या बाजूला, आत्ता जिथे पट्टा होता तिथे, सदरा पांढरा होता. शिवणीचे टाकेसुद्धा मला दिसत होते. पांढरा, स्वच्छ, काही नाही.

आत चहा उकळून वर आल्याचा आवाज येत होता.

"इथून नीट दिसत नाही, बाबा," मी म्हणाले. "वर या."

ते वळले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, मितूकडे, परत माझ्याकडे. स्टॉपवर लांबून बस यायची तेव्हा ते माझ्याकडे बघायचे, तसं. किती वेळ बघत होते, कोण जाणे.

"दिसत नाही होय," ते म्हणाले.

"नाही दिसत."

त्यांनी बॅग परत गळ्यात अडकवली आणि जिन्याकडे वळले. मी गॅस बंद केला, आणि दार उघडून चपलांच्या जागेपाशी मितूला घेऊन उभी राहिले.